औषधांची गुणवत्ता आणि सार्वजनिक आरोग्य: उन्हाळी इंटर्नशिपचे आठ आठवडे कसे वापरावेत

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरची सूज उतरावी म्हणून तोंडावाटे दिलेल्या ग्लिसरिनमुळे १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होतं, आणि ते मूत्रपिंडं निकामी करतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुढे खरेदी, तपासणी आणि परवाने ही सगळी साखळी उलगडून पाहिली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलं दगावली तेव्हा खोकल्याच्या सिरपमध्ये पुन्हा तेच रसायन सापडलं. त्यांतल्या बऱ्याच मुलांवर नागपुरात उपचार झाले होते.

हे रसायन शोधणारी चाचणी फार अवघड नाही. ग्लिसरिनमध्ये त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते मधल्या जागेत. लघवी बंद झालेलं मूल एका टोकाला, तपासणीची बाटली दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हींना जोडणारा पाकिटावरचा बॅच नंबर (एकाच वेळी तयार झालेल्या गठ्ठ्याचा क्रमांक) बरेचदा कुणी लिहूनच ठेवलेला नसतो. औषध गुणवत्तेची इंटर्नशिप करायची तर ती या मधल्या जागेत करावी. बी. फार्म., एम. फार्म., फार्म. डी., एमबीबीएस आणि सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांनी महाराष्ट्रात किंवा गोव्यात असे आठ आठवडे कसे जुळवावेत आणि त्यांत नेमकं काय करावं, ते पुढे दिलं आहे.

जागा कुठे मिळते

बी. फार्म.च्या अभ्यासक्रमातच सहावं सत्र संपल्यावर आणि सातवं सुरू होण्याआधी चार आठवड्यांत किमान १५० तासांचं औद्योगिक प्रशिक्षण सुचवलेलं आहे. ते कारखाना, रुग्णालय, विश्लेषण प्रयोगशाळा किंवा औषध दुकान यांपैकी कुठेही चालतं. बहुतेक जण कारखान्याचं प्रमाणपत्र आणून ही ओळ पुरी करतात. त्याच तासांना आणखी चार आठवडे जोडले तर एक छोटं पण पुरं काम उभं राहतं.

सरकारी बाजूला अन्न व औषध प्रशासनाच्या मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथल्या प्रयोगशाळा आहेत. केंद्राची औषध चाचणी प्रयोगशाळा मुंबई सेंट्रलला आहे. गोव्यात अन्न व औषध प्रशासन संचालनालय बांबोळीला आहे. देशपातळीवर गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग औषधांची मानकं ठरवतो. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ पासून तिथूनच चालतो. सरकारी प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला खटल्याच्या नमुन्याला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. औषध निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्यावर शासकीय विश्लेषकाचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून जातो. तुम्हाला मिळतं ते पद्धत पडताळणी, प्रमाण द्रावणं, उपकरणांचं कॅलिब्रेशन आणि जुन्या अहवालांचं विश्लेषण. हे कमी महत्त्वाचं समजू नका. जुन्या अहवालांची नीट मांडणी करायला तिथल्या माणसांना उसंत नसते, आणि तुमच्याकडे नेमका वेळच असतो.

खाजगी कारखान्यांत तारापूर, अंबरनाथ, कुरकुंभ, वाळूज, सातपूर आणि गोव्यातलं वेर्णा या पट्ट्यांत जागा जास्त आहेत. तिथे गुणवत्ता नियंत्रण विभागात गेल्यावर पहिले काही दिवस एसओपी, म्हणजे कामाच्या लेखी ठरलेल्या कार्यपद्धती, वाचण्यातच जातात. प्रशिक्षणाची नोंद झाल्याशिवाय तुम्हाला एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण) बसवत नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या पाहुण्यासाठी ती नोंद सहसा करतही नाहीत. म्हणून आधीच विचारावं: मला कंट्रोल सॅम्पलची (प्रत्येक बॅचमधून राखून ठेवलेल्या नमुन्यांची) तपासणी, वार्षिक आढाव्यासाठी निकालांचा आलेख किंवा लॉगबुकांमधल्या चुकांचं वर्गीकरण यांपैकी काही करता येईल का? या कामांना उपकरण लागत नाही आणि कंपनीला ती हवीच असतात.

तिसरी जागा वैद्यकीय महाविद्यालयाचा औषधशास्त्र विभाग. बऱ्याच महाविद्यालयांत दुष्परिणाम नोंद केंद्र असतं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनाही आहे. तिचं वेळापत्रक आणि अटी दर वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहाव्यात.

चौथी जागा प्राथमिक आरोग्य केंद्राचं औषध भांडार. परवानगी कुणाची, इथे लोक हमखास चुकतात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, तेव्हा पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयासाठी पत्र जिल्हा शल्य चिकित्सकांना. चुकीच्या टेबलावर गेलेलं पत्र परत येत नाही, ते तिथेच राहतं.

पैसे भरून घरबसल्या चार दिवसांत इंटर्नशिपचं प्रमाणपत्र देणाऱ्यांकडे जाऊ नये. मुलाखतीत “तुम्ही कोणत्या नमुन्यावर काम केलं?” एवढं विचारलं की ते प्रमाणपत्र संपतं.

मे महिन्याचं काम डिसेंबरात सुरू होतं

डिसेंबरात विषय आणि तीन संभाव्य ठिकाणं ठरवावीत. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज द्यावा. रुग्णांच्या नोंदी पाहायच्या असतील किंवा कुणाची मुलाखत घ्यायची असेल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. समितीची बैठक आज अर्ज केला नि उद्या झाली अशी होत नाही, शिवाय पहिल्या बैठकीत बहुतेकदा दुरुस्त्या सुचवल्या जातात. त्यामुळे प्रस्ताव फेब्रुवारीत गेला तर परवानगी एप्रिलपर्यंत हातात येते. मे महिन्यात प्रस्ताव देणाऱ्याची इंटर्नशिप परवानगीची वाट पाहण्यात सरते. रुग्णाची ओळख कुठेही येत नसेल, तर समितीकडून सूट किंवा जलद आढावा मिळू शकतो. पण सूटही समितीनेच द्यायची असते, ती आपण गृहीत धरायची नसते.

सरकारी कार्यालयाला ईमेल पाठवून थांबू नये. अर्ज प्राचार्यांमार्फत, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, दोन प्रतींत न्यावा. एक आवक शाखेत द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. पुढे फोनवर “माझ्या अर्जाचं काय झालं” असं विचारण्याऐवजी आवक क्रमांक सांगितला की फाइल सापडते. अर्जाचा मजकूर साधारण असा:

“मी तृतीय वर्ष बी. फार्म.ची विद्यार्थिनी आहे. दि. … ते दि. … या आठ आठवड्यांत, रोज सकाळी १० ते ५ या वेळेत, आपल्या प्रयोगशाळेत विनावेतन प्रशिक्षण घेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. पॅरासिटामॉल गोळ्यांच्या मागील तीन वर्षांच्या निकालांची कारणवार मांडणी हा विषय प्रस्तावित आहे. उत्पादकांची नावं अहवालात संकेताक्षरांनी दिली जातील. गोपनीयतेचं हमीपत्र आणि महाविद्यालयाच्या मार्गदर्शकांचं संमतीपत्र सोबत जोडलं आहे. अंतिम अहवाल आपल्या लेखी परवानगीशिवाय कुठेही सादर केला जाणार नाही.”

विषय, तारखा, वेळ आणि गोपनीयता या चार गोष्टी नसलेला अर्ज वाचणाऱ्याला निर्णय घेता येत नाही. “मला शिकायची आवड आहे” हे वाक्य कितीही खरं असलं तरी त्यावर सही करता येत नाही.

विषय निवडताना कायद्याची कुंपणं

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात सदोष औषधांचे प्रकार वेगवेगळे आहेत. मानकाला न उतरलेलं औषध वेगळं, चुकीच्या किंवा दिशाभूल करणाऱ्या लेबलाचं वेगळं (कलम १७), भेसळीचं वेगळं (कलम १७अ), बनावट वेगळं (कलम १७ब). वर्तमानपत्रं सगळ्यांनाच बनावट म्हणतात, तुम्ही म्हणू नये. खऱ्या परवान्याच्या कारखान्यात तयार झालेली पण नीट न विरघळणारी गोळी मानकाला न उतरलेली असते. दुसऱ्याच्या नावाखाली विकलेली गोळी बनावट असते, मग तिच्यात औषध पूर्ण असलं तरी. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

कायदेशीर नमुना फक्त औषध निरीक्षक घेऊ शकतो. तो फॉर्म १७ देऊन नमुना घेतो आणि त्याचे ठरलेले भाग करून सीलबंद करतो. तुम्ही दुकानातून विकत घेतलेली स्ट्रिप अभ्यासासाठी असते, कारवाईसाठी नसते. चिठ्ठीशिवाय शेड्यूल एच किंवा एच१ मधली (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची) औषधं “अभ्यासासाठी” मागू नयेत. तुमच्यामुळे दुकानदार नियमभंगात अडकतो. चिठ्ठीविना मिळणारी औषधं निवडावीत किंवा मार्गदर्शकांच्या संस्थेमार्फत रीतसर खरेदी करावी. तपासणी अधिकृतच हवी असेल, तर कलम २६ मध्ये तशी तरतूद आहे. औषध विकत घेणारी कोणीही व्यक्ती शुल्क भरून ते शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे, आणि तो वापरला जावा असं मनापासून वाटतं.

एकच औषध, एकच प्रश्न. “बाजारातल्या प्रतिजैविकांची गुणवत्ता” हा विषय आठ आठवड्यांचा नाही. “पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या सहा बॅचमधलं औषधाचं प्रमाण आणि विद्रावण (ठरल्या वेळात गोळीतलं औषध किती विरघळतं)” हा आहे.

प्रयोगशाळेत: पॅरासिटामॉलची एक बॅच

पॅरासिटामॉल घ्यायचं कारण साधं आहे. स्वस्त, चिठ्ठीविना मिळणारं, स्थिर, आणि यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येणारं. आधी औषधसंहितेची (औषधांच्या अधिकृत मानकांचा ग्रंथ) चालू आवृत्ती उघडून मोनोग्राफ, म्हणजे त्या औषधाच्या चाचण्या आणि मर्यादांचं प्रकरण, वाचावा. खालची रीत पुष्कळ वर्षं चालत आलेली आहे, तरी अंतिम शब्द चालू मोनोग्राफचाच.

स्ट्रिप फोडण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढावा. ब्रँड, उत्पादक, परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादन आणि मुदतीची तारीख, दुकानाचं बिल, खरेदीचा दिवस, त्या दिवसापासून नमुना कुठे ठेवला, हे सगळं वहीत उतरवावं. बॅच नंबर बहुधा स्ट्रिपच्या एकाच कडेला छापलेला असतो. गोळ्या सोलताना ती कड फाटून कचऱ्यात जाते, आणि उरलेल्या आकड्यांना मग पत्ताच राहत नाही.

पहिली चाचणी वजनाची. २० गोळ्या एकेक करून तोलाव्यात आणि सरासरी काढावी. सरासरी २५० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर दोनपेक्षा जास्त गोळ्या ५ टक्क्यांहून अधिक सरकलेल्या नसाव्यात आणि एकही १० टक्क्यांहून अधिक नसावी. पंखा बंद ठेवावा. मे महिन्यात हे जड जातं, पण पंख्याखाली चौथ्या दशांशाचा आकडा स्थिर राहत नाही.

त्याच २० गोळ्या खलात बारीक कराव्यात. आता ०.१५ ग्रॅम पॅरासिटामॉल असलेली पूड घ्यायची. इथेच सर्वांत जास्त जण अडखळतात. गोळीत औषधाबरोबर स्टार्च आणि इतर पदार्थही असतात. समजा गोळीचं सरासरी वजन ५८० मिलिग्रॅम आलं आणि लेबलवर ५०० आहे. मग पूड घ्यायची १५० × ५८० ÷ ५००, म्हणजे १७४ मिलिग्रॅम. जो सरळ १५० मिलिग्रॅम पूड घेतो, त्याच्याकडे औषध फक्त १२९ मिलिग्रॅमच्या आसपास येतं आणि निकाल ८६ टक्के दिसतो. मर्यादा ९५ ते १०५ ची. चांगली बॅच कागदावर नापास होते, आणि तो निकाल कुणी बाहेर बोलला तर एका निर्दोष उत्पादकावर डाग बसतो.

पुडीत ५० मिलि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि १०० मिलि पाणी घालून १५ मिनिटं हलवावं, पाण्याने २०० मिलि करावं आणि गाळावं. गाळताना सुरुवातीचे काही मिलि टाकून द्यावेत. गाळणीकागद थोडं औषध धरून ठेवतो, आणि काच ओली असेल तर द्रावण पातळही होतं. या द्रावणाचे १० मिलि १०० पर्यंत पातळ करावेत. त्यातले १० मिलि, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे १० मिलि, आणि पुन्हा पाण्याने १००. शेवटी दर मिलिलिटरमागे ७.५ मायक्रोग्रॅम औषध राहतं. २५७ नॅनोमीटरवर १ टक्का द्रावणाचं शोषण ७१५ धरलं तर अपेक्षित आकडा ०.५३६ येतो. उपकरणाजवळ जाण्याआधी हा आकडा वहीत लिहून ठेवावा. ०.०५ किंवा ५.३ दिसलं, तर औषधावर शंका घेण्याआधी विरलीकरणाची एखादी पायरी सुटली का ते पाहावं. निकाल हातात येऊन गणित पुरं होईपर्यंत एकही फ्लास्क ओतू नये. आकडा विचित्र आला तर चूक नमुन्याची, पिपेटची की उपकरणाची, हे त्या फ्लास्कमधूनच कळतं.

विद्रावणाची चाचणी सहा भांड्यांत, ३७ ± ०.५ अंशांवर. माध्यमात विरघळलेली हवा आधी काढावी. तसं केलं नाही तर बुडबुडे गोळीला चिकटतात आणि विद्रावण खोटं कमी दिसतं. पहिल्या टप्प्यात सहाही गोळ्यांतलं औषध ठरलेल्या टक्केवारीपेक्षा किमान ५ ने जास्त विरघळावं लागतं. नाही उतरल्या तर औषध लगेच नापास होत नाही. आणखी सहा गोळ्या घेऊन दुसरा टप्पा, गरज पडल्यास आणखी बारा घेऊन तिसरा. पहिल्या टप्प्यावर थांबून “नापास” लिहिणं ही मोठी चूक आहे. आणखी एक: भारतीय औषधसंहितेच्या जुन्या आवृत्त्यांत पॅडलला उपकरण १ म्हटलेलं आहे, अमेरिकी संहितेत उपकरण १ म्हणजे बास्केट. म्हणून क्रमांकावर जाऊ नये, नाव वाचावं.

एचपीएलसी मिळालंच तर दोन गोष्टींची काळजी घ्यावी. मोबाइल फेज (उपकरणातून वाहणारं द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेला हवा. आणि बफर (क्षारांचं द्रावण) वापरल्यावर कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) थेट शंभर टक्के मिथेनॉलने धुवू नये. क्षार आतच बसतात, दाब चढतो आणि महागडा कॉलम जातो. आधी पाणी जास्त असलेलं मिश्रण, मग हळूहळू मिथेनॉल.

वहीचा नियम कडक आहे. नोंद पेनने, त्याच वेळी, बांधलेल्या वहीत. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. चुकलं तर एकच रेघ, वर बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. कोऱ्या कागदावर लिहून संध्याकाळी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवणं हे शाळेच्या जर्नलमध्ये कौतुकाचं असतं. इथे तो दोष धरला जातो.

साठवणूक: उपकरणाविना होणारा उत्तम अभ्यास

प्रयोगशाळेत जागा मिळाली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात औषधं प्रत्यक्षात किती तापतात, हे मोजणं तितकंच मोलाचं आहे. पुष्कळ गोळ्यांवर “३० अंशांखाली ठेवा” असं लिहिलेलं असतं. नागपूर-चंद्रपुरात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो.

लागतात चार डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रं. सुरुवातीला चारही एकाच डब्यात २४ तास शेजारीशेजारी ठेवावेत आणि त्यांच्या आकड्यांतला फरक नोंदवावा. हे केलं नाही, तर शेवटी दोन कपाटांतला अर्ध्या अंशाचा फरक कपाटांचा की लॉगरांचा, ते कधीच कळत नाही. मग एक पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छताखालच्या सर्वांत वरच्या फळीवर, एक पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या खोक्यांमागे, एक काउंटरखाली आणि एक फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दर १५ मिनिटांनी नोंद, तीन आठवडे: प्रत्येक लॉगरचे २०१६ आकडे होतात. भारनियमनाच्या वेळा, दुकान बंद असलेले तास, एसी कधी चालू कधी बंद, हे वेगळ्या तक्त्यात लिहावं.

आकडे आले की साध्या सरासरीवर थांबू नये. तापमान वाढलं की औषधाचं विघटन नुसतं वाढत नाही, झपाट्याने वाढतं, म्हणून उष्ण तासांना जास्त वजन द्यावं लागतं. त्यासाठी सरासरी गतिक तापमान काढतात. प्रत्येक नोंद केल्विनमध्ये बदलायची, १०,००० ला तिने भागायचं, आलेल्या संख्येचा ऋण घातांकी घ्यायचा (स्प्रेडशीटमध्ये EXP(−संख्या)), सगळ्यांची सरासरी काढायची, त्या सरासरीचा नैसर्गिक लॉग घेऊन चिन्ह बदलायचं आणि १०,००० ला त्याने भागायचं. स्प्रेडशीटमध्ये हे तीन रकान्यांचं काम आहे. उदाहरण: अर्धा वेळ २५ अंश, अर्धा वेळ ४० अंश. साधी सरासरी ३२.५ येते, गतिक तापमान सुमारे ३५. रात्री दार उघडून खोली थंड केली म्हणजे दुपारचं भरून निघालं, असं म्हणणाऱ्याला हा अडीच अंशांचा फरक दाखवावा.

फ्रिजच्या बाबतीत लोक फक्त उष्णतेला घाबरतात. इन्सुलिन आणि हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंटसारख्या लसी गोठल्या तर वाया जातात, आणि नंतर वितळल्यावर बाटलीकडे नुसतं पाहून ते लक्षात येईलच असं नाही. म्हणून आलेखावर ८ अंशांच्या वरचे तास मोजावेत तसेच शून्याखालचेही मोजावेत. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. प्रसूतिगृहाच्या ट्रेमध्ये ते किती वेळ बाहेर राहतं, एवढाच प्रश्न घेतला तरी एका इंटर्नशिपला पुरेल, कारण ते निकामी निघालं तर दुसरं शोधायला मिनिटंच हातात असतात.

दुकानदाराला आधी लेखी सांगावं: दुकानाचं नाव कुठेही येणार नाही, आणि तुमचा आलेख तुम्हाला मिळेल. अचानक लॉगर घेऊन उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याकडे तो तपासणीला आलेला माणूस म्हणूनच पाहतो.

वॉर्डात: दुष्परिणामाची नोंद

दुष्परिणाम नोंदीच्या फॉर्ममध्ये चार गोष्टी असल्याच पाहिजेत: रुग्णाची ओळखखूण (आद्याक्षरं, वय), काय झालं, कोणत्या औषधावर संशय आहे, आणि नोंद कोण करतं आहे. या चार भरल्या की नोंद वैध ठरते, आणि म्हणूनच पुष्कळ जण तिथेच थांबतात. बॅच नंबर, उत्पादक आणि मुदत हे रकाने कोरे राहतात. पण “औषध लागू पडलं नाही” अशी तक्रार बॅचविना आली, तर गुणवत्तेच्या बाजूला तिचा काहीच उपयोग नाही.

यावर छान छोटं काम होतं. पहिल्या आठवड्यात, समितीच्या परवानगीने, केंद्रातल्या मागच्या १०० नोंदी पाहाव्यात आणि बॅच नंबर किती फॉर्ममध्ये आहे ते मोजावं. दुसऱ्या आठवड्यात तो का नसतो ते शोधावं. बहुतेक कारण वॉर्डातच सापडतं: सिस्टर गोळ्या स्ट्रिपमधून काढून सुट्या देतात, इंजेक्शनची रिकामी कुपी लगेच कचऱ्यात जाते, आणि फॉर्म भरणारा दुसऱ्या दिवशी येतो. मग एक साधा बदल सुचवून राबवावा. उदाहरणार्थ, संशयित औषधाची कुपी किंवा स्ट्रिपची कड २४ तास ठेवण्यासाठी वॉर्डात एक पाकीट. शेवटच्या दोन आठवड्यांत पुन्हा मोजावं. वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टरांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावं. त्यांच्याशिवाय ते पाकीट तीन दिवसांत हरवतं.

कारण-संबंध ठरवताना नारांजो मोजपट्टीचे दहा प्रश्न वापरतात: ९ किंवा जास्त गुण म्हणजे निश्चित, ५ ते ८ बहुधा, १ ते ४ शक्य, शून्य किंवा कमी म्हणजे शंकास्पद. ही मोजपट्टी निर्दोष गोळीच्या दुष्परिणामासाठी बनली आहे. गोळीच सदोष असेल, तर गुण काहीही आले तरी बॅच तपासायला हवी. एकाच वॉर्डात, एकाच आठवड्यात, एकाच औषधावर दोन सारख्या घटना दिसल्या तर तिसरीची वाट पाहू नये. मार्गदर्शकांना त्याच दिवशी सांगावं. नोंदीसाठी राष्ट्रीय कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्राचं काम त्यामानाने सरळ आहे. नेहमी लागणारी १५ औषधं ठरवून प्रत्यक्ष साठा, साठा वही आणि संगणकातली नोंद जुळतात का ते पाहावं. कोणतं औषध किती दिवस नव्हतं ते काढावं, आणि ज्याची मुदत आधी संपते ते पुढे लावलेलं आहे का ते तपासावं. औषध निर्माण अधिकाऱ्याच्या चुका पकडायला आल्यासारखं वागू नये. मोजणी त्यांच्यासोबतच करावी आणि तफावत निघाली तर पहिल्यांदा त्यांनाच दाखवावी.

निकाल खराब आला तर

हा दिवस येऊ शकतो, आणि त्या दिवशी घाई धोक्याची असते. गुपचूप पुन्हा चाचणी करून चांगला आकडा ठेवायचा नाही. पहिला आकडा वहीत राहतो. मार्गदर्शकांना त्याच दिवशी लेखी कळवावं. मग क्रमाने: गणित, तोल, पिपेट, प्रमाण पदार्थाची मुदत, उपकरणाचं कॅलिब्रेशन, आणि ठेवलेली द्रावणं पुन्हा मोजणं. चूक प्रयोगशाळेची असल्याचं सिद्ध झालं तरच पहिला निकाल रद्द होतो. तेही कारण लिहून.

चूक सापडली नाही, तर उरलेल्या न फोडलेल्या स्ट्रिप, बिल आणि फोटो नीट ठेवावेत आणि संस्थेमार्फत औषध निरीक्षकांना कळवावं. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. व्हॉट्सअॅप गटात ब्रँडचं नाव टाकू नये. एका स्ट्रिपवरून बॅचबद्दल बोलता येत नाही, आणि नाव वाचून रक्तदाबाची किंवा फिटची चांगली गोळी बंद करणारा रुग्ण तुमच्यापर्यंत कधी पोहोचणार नाही. बोलायचं ते निरीक्षकांशी, आणि लवकर.

शेवटचा आठवडा

सातव्या आठवड्याच्या शुक्रवारी मोजमाप थांबवावं, मग एखादा नमुना उरला असला तरी. आठवा आठवडा लिहिण्याचा. दोन अहवाल करावेत. महाविद्यालयासाठी २० ते २५ पानांचा, आणि ज्या ठिकाणी काम केलं त्यांच्यासाठी एका पानाचा, मराठीत: काय मोजलं, किती वेळा, काय आढळलं, सोमवारपासून काय बदलता येईल. दुसरा वाचला जातो. त्यात ब्रँड अ, ब, क असे द्यावेत आणि संकेतांची यादी बंद पाकिटात फक्त मार्गदर्शकांकडे ठेवावी.

प्रमाणपत्रावर “इंटर्नशिप पूर्ण केली” एवढंच न घेता एकूण तास, विभाग आणि केलेल्या कामाचं नाव लिहून मागावं. कार्यालयात सही करणारा माणूस रजेवर असू शकतो, म्हणून मसुदा पाच दिवस आधी द्यावा. निघताना मूळ वही तिथेच राहते. तुम्ही परवानगीने घेतलेल्या प्रतीवर प्रत्येक पानाला तारीख आणि मार्गदर्शकांची सही असू द्यावी. उरलेले नमुने मोजून, यादी करून हवाली करावेत. यादीत पहिला रकाना बॅच नंबरचा.